आधीचे पाच चेंडू

क्रिकेटविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केल्यावर आलेल्या पत्रांमध्ये कोणता खेळाडू थोर, या नेहमीच्या वादापेक्षा एक निराळीच जिज्ञासा अधिक दिसली. फलंदाजी किंवा गोलंदाजी पाहताना रंगत येते ती नेमकी कशामुळे, असे अनेकांनी आपापल्या परीने विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले असून पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : नातवाबरोबर मी आयपीएलचे सामने पाहते. षटकारामागून षटकार जात असतात, तो आनंदाने नाचत असतो आणि मला मात्र अर्ध्या तासात डुलकी लागते. पूर्वी कसोटी सामन्यात दिवसभरात दोनशे धावा झाल्या तरी मी रेडिओपासून हलत नसे. हा दोष माझ्या वयाचा की खेळाचा? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : दोष वयाचा नाही आणि षटकाराचाही नाही. १५ एप्रिल २०२४ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर हैदराबादने २० षटकांत ३ बाद २८७ धावा केल्या आणि बेंगळुरूने ७ बाद २६२ पर्यंत मजल मारली. एका संध्याकाळी ५४९ धावा आणि ३८ षटकार झाले. तो सामना मी पूर्ण पाहिला, आणि त्यातले बहुतेक फटके आज मला आठवत नाहीत. दिनेश कार्तिकने ३५ चेंडूंत केलेल्या ८३ धावा मात्र आठवतात, कारण त्या वेळी ‘हे खरेच शक्य होईल का?’ हा प्रश्न थोडा वेळ का होईना जिवंत झाला होता. खेळपट्टी सपाट आणि सीमारेषा जवळ असली, चेंडूही वळत नसला, की गोलंदाजाच्या हाती काही उरत नाही. मग पुढचा चेंडू कुठे जाणार हे प्रेक्षकाला साधारण ठाऊक असते, आणि जे ठाऊक आहे त्याची वाट पाहताना डोळा लागणे स्वाभाविक आहे.

याच्या शेजारी दुसरा एक षटकार ठेवून पाहा. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध १६० धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३१ झाली होती. शेवटच्या दोन षटकांत ३१ धावा हव्या असताना हारिस रौफने एकोणिसाव्या षटकाच्या पहिल्या चार चेंडूंत केवळ तीन धावा दिल्या. आठ चेंडू आणि २८ धावा उरल्या. पाचवा चेंडू वाईट नव्हता. तो आखूड टप्प्याचा आणि वेग काढून घेतलेला होता, आणि अशा चेंडूवर समोर फटका मारण्याचा विचारही सहसा कोणी करत नाही. विराट कोहलीने मागच्या पायावर उभे राहून तो गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ प्रेक्षकांत पाठवला. तो षटकार पाहताना अंगावर काटा येतो, यात त्या फटक्याइतकाच आधीच्या चार चेंडूंचाही वाटा आहे. रौफने दोर आवळत आणला नसता, तर तो तुटल्याचा आवाज एवढा मोठा झाला नसता.

आपल्या पत्रातल्या संथ खेळाच्या आठवणीसंबंधी थोडे सविस्तर लिहितो, कारण संथ म्हणजे रंजक असेही समीकरण नाही. सुनील गावसकर यांच्याच दोन खेळी घ्या. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल गावसकर सलामीला आले आणि १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. भारताच्या ३ बाद १३२ झाल्या. या खेळीत कौशल्याची उणीव नव्हती, पण सामन्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्नच तिच्यात नव्हता, आणि त्यामुळे ती प्रेक्षकांना असह्य झाली.

आता मार्च १९८७ मधल्या बेंगळुरूकडे या. पाकिस्तानविरुद्धच्या त्या कसोटीत खेळपट्टीवर चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता. मनिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेऊन पाकिस्तानला ११६ धावांत गुंडाळले होते. चौथ्या डावात भारताला २२१ धावा हव्या होत्या. इकबाल कासिम आणि तौसिफ अहमद यांचा एक चेंडू झपकन वळे, दुसरा सरळ निघे, तिसरा अचानक छातीपर्यंत उसळे, आणि फलंदाजाच्या भोवती हात पुरेल इतक्या अंतरावर क्षेत्ररक्षक उभे होते. गावसकर पाच तासांहून अधिक काळ तिथे टिकले आणि त्यांनी ९६ धावा केल्या. चेंडू शक्य तितक्या उशिरा खेळायचा, बॅटवरची पकड सैल ठेवायची म्हणजे कड लागली तरी चेंडू क्षेत्ररक्षकाच्या अलीकडे पडतो, आणि एक चेंडू हुकला तर पुढच्यावर त्याचा राग काढायचा नाही, अशी ती खेळी होती. एका उसळलेल्या चेंडूवर ते झेलबाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. गावसकर यांचा तो शेवटचा कसोटी डाव ठरला. त्यात एका निर्धाव षटकालाही सहा उत्कंठावर्धक चेंडू असत, कारण सहाही वेळा बाद होण्याची शक्यता खरी होती. फलंदाज तोच आणि गतीही संथच, तरी एका खेळीत पुढच्या चेंडूची ओढ लागत नाही आणि दुसरीत श्वास रोखला जातो.

नातवाला एक विनंती करून पाहा. षटकार पडला की त्याने मागे जाऊन आधीचे पाच चेंडू कसे होते ते सांगायचे. तो सांगू लागला, की तुम्ही दोघे एकच सामना पाहू लागाल.

प्रश्न : मला फलंदाजी कळते. गोलंदाजीत मात्र त्रिफळा उडाला किंवा झेल गेला तरच काही घडल्यासारखे वाटते. मधले चेंडू सगळे सारखेच दिसतात. ते पाहायचे कसे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आपला प्रश्न मला या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फलंदाजाचे कर्तृत्व चेंडू दूर गेल्यावर आपोआप दिसते. गोलंदाजाचे कर्तृत्व बहुधा आधीच्या षटकात दडलेले असते आणि ते लक्षात ठेवण्याचे काम प्रेक्षकाला करावे लागते.

२८ डिसेंबर २०१८ चा मेलबर्नमधला एक चेंडू घ्या. उपाहारापूर्वीच्या षटकाचा तो शेवटचा चेंडू होता आणि समोर शॉन मार्श होता. खेळपट्टीत फारसा जीव नव्हता, चेंडू जुना झाला होता आणि जसप्रीत बुमराह वेगाने मारा करत होता. फलंदाजाच्या मनात एकच हिशेब असतो : एवढा चेंडू खेळून काढला की पॅव्हेलियनमध्ये जायचे. मिडऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्माने संथ चेंडू टाकून पाहण्याचे सुचवले, हे बुमराहने नंतर स्वतः सांगितले आहे. त्याच धावेने, हाताच्या त्याच फेकीने चेंडू सुटला, पण तो पोहोचला बराच उशिरा आणि थेट पायाशी. मार्शची बॅट आधीच खाली येऊन गेली होती. तो पायचीत झाला. हा चेंडू सुटा पाहिला तर एक हळू टाकलेला यॉर्कर दिसतो, आणि त्यात विशेष काय असे एखाद्याला वाटू शकते. आधीच्या चेंडूंच्या वेगाने मार्शच्या डोळ्यांना आणि मनगटांना जी सवय लावली होती, तीच त्या चेंडूने वापरली. बुमराहने त्या डावात ३३ धावांत ६ बळी घेतले.

म्हणून गोलंदाजी पाहताना चेंडू कुठे गेला याआधी तो कुठे पडला हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. एका षटकाचे सहा टप्पे मनात खुणेसारखे मांडून ठेवले, की तिसऱ्या-चौथ्या चेंडूपर्यंत आकृती दिसू लागते. मध्यमगती गोलंदाज चेंडू ऑफ स्टंपबाहेर सतत बाहेर काढत असेल, तर फलंदाज नकळत उजवा पाय आणखी पलीकडे नेऊ लागतो. तो पाय पुरेसा पलीकडे गेला, की आत येणारा चेंडू येतो. स्लिपमधला एक जण काढून शॉर्ट लेगला उभा केला, यष्टिरक्षक दोन पावले पुढे आला, या हालचाली म्हणजे पुढच्या चेंडूची आगाऊ सूचना असते, निदान तशी समजूत फलंदाजाने करून घ्यावी अशी अपेक्षा असते.

नव्या चेंडूची शिवण ज्या दिशेला कललेली असते त्या दिशेला, म्हणजे चकाकत्या बाजूपासून दूर, तो हवेत वळतो. चेंडू जुना होऊन त्याची एक बाजू खरखरीत झाली आणि तो पुरेशा वेगाने टाकला, तर तो उलटा, चकाकत्या बाजूकडे वळू लागतो. याला रिव्हर्स स्विंग म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला बुमराहने ऑली पोपच्या यष्ट्या उखडल्या तो यॉर्कर असा होता. म्हणूनच जाणकार प्रेक्षक क्षेत्ररक्षक चेंडू पँटवर घासत असताना पडद्यावरून नजर हटवत नाहीत.

फिरकीचे सुख याहून वेगळे आहे आणि मला व्यक्तिशः ते सर्वांत प्रिय आहे. चेंडूला पुढच्या बाजूला जोरात फिरवून उंची दिली, तर हवेतल्या प्रवासाच्या शेवटी तो अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. फलंदाज पुढे सरसावतो तेव्हा चेंडू आपल्या पायाशी पडेल असा त्याचा अंदाज असतो. तो हातभर अलीकडे पडतो आणि पुढे आलेला फलंदाज अधांतरी राहतो. बिशनसिंग बेदी आणि एरापल्ली प्रसन्ना यांची ख्याती या कलेसाठी होती. उंची दिलेल्या चेंडूवर षटकार बसण्याचा धोका असतो आणि गोलंदाज तो जाणूनबुजून पत्करतो. चेंडू हवेत असतो तेवढा काळ कोण फसले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि या खेळातला सर्वांत सुंदर काळ तोच, असे माझे मत आहे.

फलंदाज आणि गोलंदाज दोघेही आधीच्या चेंडूंचा अभ्यास करून आले, तर काय होते याचे उदाहरण मार्च १९९८ मधल्या चेन्नई कसोटीत सापडते. पहिल्या डावात शेन वॉर्नने सचिन तेंडुलकरला ४ धावांवर बाद केले आणि ऑस्ट्रेलियाने ७१ धावांची आघाडी मिळवली. दुसऱ्या डावात वॉर्न यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन लेग स्टंपबाहेरच्या, बुटांनी उकरलेल्या जागेत चेंडू टाकू लागला. तिथून चेंडू किती वळेल याचा नेम नसतो, आणि बहुतेक फलंदाज अशा वेळी चेंडू पॅडवर घेतात. सचिनने मालिकेपूर्वी लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना नेमक्या तशाच जागी चेंडू टाकायला लावून सराव केला होता. त्याने वळणाच्या विरुद्ध, मिडविकेटवरून फटके मारले. तो १५५ धावांवर नाबाद राहिला आणि भारताने सामना १७९ धावांनी जिंकला. त्या फटक्यांची खरी किंमत कळण्यासाठी पहिल्या डावातल्या ४ धावा माहीत असाव्या लागतात.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या बापू नाडकर्णी यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली, याचा आम्हांला अभिमान आहे. पण खरे सांगा, तो मारा पाहायला कंटाळवाणा नसेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाडकर्णी यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी असे होते. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावर चेंडू टाकत असत, असे सांगतात. त्या अचूकतेला मी मनापासून वंदन करतो. तरीही आपल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर त्या पृथक्करणातला शेवटचा शून्य मला खटकतो. धावा रोखल्या जात होत्या, पण फलंदाज बाद होण्याची धास्ती किती होती, असा प्रश्न पडतो.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रास शहरात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध याच नाडकर्णी यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ असे ११ बळी घेतले. भारत तो सामना हरला, म्हणून कदाचित ही कामगिरी लोकांच्या ओठांवर राहिली नाही. मला निवड करायला सांगितली, तर मी २१ निर्धाव षटकांऐवजी हे दोन डाव पाहायला जाईन. अचूकता तीच होती, पण या वेळी तिला धार होती. नाशिककरांनी अभिमानाने सांगावा असा आकडा २१ नसून ११ आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : वेग दाखवणारा आकडा पडद्यावर आला की गोलंदाजी अधिक थरारक वाटते. वेग हाच खरा थरार ना? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : वेगाचा थरार खरा आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोहोचतो. तेवढ्यात टप्पा ओळखणे, पाय हलवणे आणि बॅट आणणे, सगळे करावे लागते. पण आकड्याची सवय फार लवकर होते. दहा चेंडू १४५ च्या वेगाने एकाच जागी पडले, की चांगल्या फलंदाजाला तो वेग मदतच करतो. आकड्यापेक्षा फलंदाजाचे पाय पाहावेत. ते क्रीजमध्ये मागे मागे सरकू लागले, तर वेग आपले काम करतो आहे.

प्रश्न : ३० ऑक्टोबर २०२५ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याला मी नवी मुंबईच्या मैदानावर होते. जेमिमा रॉड्रिग्जची खेळी पाहून घसा बसला. घरी येऊन धावफलक पाहिला तेव्हा कळले, की तिच्या १२७ धावांत एकही षटकार नव्हता! मग आम्ही एवढे कशाने भारावलो होतो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण भाग्यवान आहात. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग त्याआधी कोणीच यशस्वी केला नव्हता. म्हणजे प्रत्येक षटकाला एक किंमत ठरलेली होती आणि ती चुकती केली नाही तर पुढच्या षटकावर चढत होती. अशा पाठलागात मोकळी जागा शोधून काढलेल्या दोन धावांना मोठ्या फटक्याची किंमत येते. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या या मुलीने क्षेत्ररक्षकांच्या मधल्या वाटा ज्या सातत्याने शोधल्या, त्यामुळे कर्णधाराला प्रत्येक षटकात क्षेत्ररचना हलवावी लागली, आणि हलवलेल्या जागेची पोकळी पुढच्या चेंडूला उपयोगी पडली. हरमनप्रीत कौरच्या ८९ धावा आणि दोघींची १६७ धावांची भागीदारी हा तर त्या डावाचा कणाच होता.

त्यात जेमिमा ८२ धावांवर असताना तिचा झेल यष्टिरक्षक अलिसा हीलीकडून सुटला. सुटलेला झेल ही आकड्यांत न दिसणारी, पण मैदानावरच्या प्रत्येकाच्या छातीत घर करणारी घटना असते; त्यानंतरचा प्रत्येक चेंडू आपण ‘आता नको’ असे म्हणतच पाहतो. घसा बसण्याला एवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत ते क्रिकेट शिकले. आता दूरचित्रवाणीवरच्या समालोचनातून त्यांना काहीच कळत नाही, कारण तिथे चित्र दिसते असे गृहीत धरलेले असते. मी शेजारी बसून सांगते, पण चौकार, षटकार, बाद यांपलीकडे काय सांगावे हे सुचत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण फार मोलाचे काम करत आहात. मी एवढेच सुचवेन, की चेंडू टाकून झाल्यावर सांगण्यापेक्षा त्याआधी अधिक सांगावे. षटक सुरू होताना क्षेत्ररचना सांगा : स्लिपमध्ये दोन, पॉइंटला एक, डीप स्क्वेअर लेग सीमारेषेवर, मिडऑफचा क्षेत्ररक्षक जवळ बोलावलेला. एवढ्यावरून गोलंदाजाच्या मनात काय आहे याचा अंदाज ते स्वतः बांधतील, कारण हे चित्र त्यांच्या मनात अनेक वर्षांपासून तयार आहे. मग प्रत्येक चेंडूनंतर आधी टप्पा, मग वळण आणि शेवटी धाव, असा क्रम ठेवा. ‘आखूड, ऑफच्या बाहेर, सोडून दिला’ हे चार-पाच शब्द पुरतात. पहिल्या चेंडूपेक्षा दुसरा पुढे पडला, तर तेवढे आवर्जून सांगा. फलंदाजाने खेळपट्टीवर जाऊन बॅटने टप्प्याची जागा ठोकली, गोलंदाज परत जाताना चेंडूकडे बघत होता, कर्णधाराने हातवारे करून कोणाला दोन पावले हलवले, असे तपशील मिळाले की त्यांना तुम्हांला विचारावेसे वाटेल, आणि कदाचित पुढचा चेंडू कसा येणार हे तेच आधी सांगतील.

आणि गोलंदाज धावू लागला, की गप्प बसा. समालोचकाचा आवाज कमी करता आला तर करा, मैदानावरचा आवाज राहू द्या. चेंडू बॅटच्या मध्यावर बसल्याचा आवाज आणि कडेला लागल्याचा आवाज ते तुमच्या आधी ओळखतील. तेवढे झाले, की चेंडू कोणाकडे गेला ते सांगा.